फोन घे आणि इथंच बस

माझं तोंड वाईट आहे, हे आमच्या सगळ्या पाड्यांना ठाऊक आहे. तलासरीच्या बाजूचं आमचं गाव, आणि तिथल्या अंगणवाडीत मी सेविका. पोर वजनाला आणलं नाही की मी थेट घरी जाऊन धडकायची, आणि मग त्या घरातल्या बाईचं काही खरं नसायचं. रागावते पण मनाची चांगली आहे, असं लोक म्हणतात असं मला वाटायचं. खरंच तसं म्हणायचे की नाही, देव जाणे. मी कधी विचारलं नाही.

अशीच एकदा मी वजनाचा काटा खांद्यावर घेऊन एका घरी गेले. कुडाचं घर, बाहेर ओट्यावर बाई बसलेली, मांडीवर दीड-दोन वर्षांचं पोर. ही बाई रोज पहाटे जीपमध्ये बसून घोलवडच्या चिकूच्या वाडीत कामाला जायची. त्या दिवशी खाडा केला होता. एका हातात भाताची ताटली, दुसऱ्या हातात फोन, आणि फोनवर कोंबड्या नाचतायत. पोर डोळे फाडून कोंबड्या बघतंय आणि ही त्याच्या तोंडात घास कोंबतेय. माझं डोकंच फिरलं.

"अगं, पोर काय खातंय ते त्याला तरी कळतंय का? उद्या फोनशिवाय पाणीसुद्धा पिणार नाही तो!"

"बाई, फोन बघतो तवा चार घास जातात पोटात," ती म्हणाली. "नायतर तोंडच उघडत नाय. त्याचं वजन भरत नाय म्हणून तुम्हीच बोलता ना."

बरोबरच बोलत होती की ती. पण मला कुणी उलट बोललेलं खपत नाही. मी तिला उभ्या उभ्या पाव तास ऐकवलं. डोळे बिघडतात, डोकं बिघडतं, आईची माया काय फोनमधून देणार आहेस का, काय नि काय. ती मान खाली घालून ऐकत राहिली. घरी आल्यावर जेवताना मी हे सगळं नवऱ्याला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. सांगत होते तेव्हा आमची मुलगी कोपऱ्यात बापाचा फोन घेऊन बसली होती, आणि माझं तिकडे लक्षसुद्धा नव्हतं. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

मुलगी आम्हाला एकच. २०१४ साली ती पाच वर्षांची होती, आणि तेव्हा घरात बटणांचा एकच फोन होता. तो वाजला तर नवराच उचलायचा. मुलगी दिवसभर माझ्या मागे. घरापासून अंगणवाडी पाच मिनिटांवर, पण तिच्याबरोबर जायचं म्हणजे वीस मिनिटं लागायची. मुंग्या कुठे चालल्या, त्यांना घर कसं सापडतं, बैलाला गुदगुल्या होतात का, नागली लाल तर भाकरी काळी कशी. तोंडाचा पट्टा नुसता चालू. अंगणवाडीत शिरली की मात्र ती मला आई म्हणायची नाही. बाकीची पोरं बाई म्हणायची, म्हणून हीसुद्धा बाई. दुपारी कुलूप लावलं की लगेच, "आई, चल." मी वैतागायची. "जरा गप्प बस की गं, डोकं उठवलंस!" दिवसातून दहा वेळा मी हे म्हणत असेन. ती दोन मिनिटं गप्प बसायची आणि तिसऱ्या मिनिटाला बैल परत यायचा.

मग दोनेक वर्षांनी स्मार्टफोन आला. नवरा उंबरगावच्या कंपनीत कामाला, पाळीची नोकरी. तिथल्या सगळ्यांनी घेतला म्हणून यानंही घेतला. तेव्हा नेट जवळजवळ फुकटच मिळत होतं. संध्याकाळी हा ओट्यावर पाय पसरून फोन बघायचा, मुलगी त्याच्या खांद्यावरून वाकून बघायची, आणि मी आतून ओरडायची. पण ओरडायची कशासाठी? दोघं मिळून कसल्या गमती बघतायत आणि मी एकटी चुलीपाशी, म्हणून. मग मीही पदराला हात पुसत जाऊन बसायची. सासूबाईसुद्धा यायच्या. एवढीशी ती काच, आणि चार डोकी एकमेकांवर आपटतायत. मजा यायची, खोटं कशाला बोलू!

वर्षभरात नवऱ्यानं दुसरा फोन घेतला आणि जुना माझ्याकडे आला. आता आमच्या सेविकांचा ग्रुप झाला. आमच्या सुपरवायझर मॅडम म्हणायच्या, आहार वाटल्याचा फोटो टाका, हळदीकुंकवाचा फोटो टाका, हात धुण्याचा फोटो टाका. मला कुठलं येतंय! दाबायला जावं एक आणि व्हायचं दुसरंच. एकदा मी ग्रुपवर माझ्याच पायाचा फोटो टाकला, आणि चाळीस बायकांनी हसणारी तोंडं पाठवली. शेवटी मुलगी म्हणाली, "दे इकडे." दुसरीतली पोरगी. टकटक बोटं चालवली आणि फोटो गेला. त्या दिवसापासून ते तिचंच काम. मी बैठकीला गेले की सगळ्यांना सांगायची, मला नाही बाई त्यातलं काही कळत, आमची पोरगीच बघते सगळं. सांगताना छाती अशी फुगायची की विचारू नका. पाहुणे आले की मी तिला मुद्दाम हाक मारायची, "जरा मामाला दाखव गं, तू कसं गाणं शोधतेस." बोलून शोधायची ती. पाहुणे तोंडात बोटं घालायचे. पाढे पाठ केल्याचं एवढं कौतुक मी कधी तिचं केलं नव्हतं.

आणि दुसरंही एक होतं. फोन हातात असला की ती गप्प बसायची. मला रजिस्टरं लिहायची असायची, एकदोन नव्हे, चांगला गठ्ठा. महिनाअखेरीला माझी नुसती तारांबळ. तेव्हा मी म्हणायची, "हा घे फोन, आणि इथंच बस." किती सोपं झालं होतं सगळं! बैल नाही, मुंग्या नाहीत. अंगणवाडीच्या वाटेवर आता पाचच मिनिटं लागायची, कारण ती बरोबर यायचीच नाही. मला बरं वाटायचं. कामं भराभर उरकायची. एवढी बडबडी पोर गप्प कशी झाली, असं सासूबाई एकदा म्हणाल्या, तर मी त्यांच्यावरच डाफरले. "मोठी होतेय ती. आता काय जन्मभर चिवचिवत राहणार?"

२०१८ ची दिवाळी झाली आणि जमीन हलायला लागली.

आमच्याकडचे ते दिवस ज्यांनी काढलेत त्यांना सांगायला नको. बाकीच्यांना सांगून समजणार नाही. एक धक्का आला आणि संपला, असं नव्हतं. आज एक, परवा तीन, मग चार दिवस काही नाही, मग पुन्हा. आधी खालून आवाज यायचा. लांबवर सुरुंग लावल्यासारखा, पण पायाखाली. मग भांडी किणकिणायची, मग भिंत थरथरायची. सुरुवातीला आम्ही सगळे गावदेवीला जाऊन नारळ फोडून आलो. मग कुणी म्हणालं धरणामुळे, कुणी म्हणालं खाणींमुळे. साहेब लोक आले, यंत्रं लावली, तंबू वाटले. शाळा झाडाखाली भरायला लागली, अंगणवाडीही मी आंब्याखाली आणली. आमचं घर विटांचं, वर कौलं. त्या विटांचा मला केवढा तोरा होता! कुडाच्या घरांना काही झालं नाही, ती नुसती डुलायची. आमच्या भिंतींना मात्र खालपासून वरपर्यंत भेगा गेल्या. अंगणात ताडपत्री टाकून आम्ही मांडव केला आणि तिथेच राहायला लागलो.

मुलगी चौथीत होती. पहिल्या धक्क्यालाच तिनं जी धास्ती घेतली ती घेतली. घरात पाऊल टाकेना. न्हाणीघरात जायचं तर मी दाराशी उभी राहून बोलत राहायचं, माझा आवाज थांबला की ती आतून किंचाळायची. जेवण जाईना. माझ्या पदराचा शेव मुठीत धरून हिंडायची, नऊ वर्षांची घोडी. आणि नेमकं तेव्हाच मला मरायला वेळ नव्हता. कुणाच्या घराला किती भेगा, कुठे गरोदर बाई आहे, कुणाचं पोर तापलंय, सगळ्या याद्या आमच्याच माथी. दिवसभर पाडे पालथे घालायचे आणि ही मागे लोंबकळतेय.

म्हणून मी तो उपाय काढला. उपाय म्हणते मी त्याला! तिला मांडवात खाटेवर बसवलं, फोन हातात दिला आणि अट घातली. "हे बघ, मी येईपर्यंत या जागेवरून हलायचं नाही. हललीस तर फोन मिळणार नाही. कळलं?" आजी अंगणातच होती, मांडव उघडा, वरून पडायला काही नाही. माझ्या हिशोबानं पोरगी सगळ्यात सुरक्षित जागी होती. मी कामाला जाताना बटणांचा जुना फोन घेऊन जायची, तसाही पाड्यांत त्यालाच रेंज यायची.

आणि काय सांगू, लागू पडलं की! पोरगी बसायला लागली. रडणं थांबलं. फोन समोर धरला की चार घाससुद्धा खायची. मी स्वतःच्या हातानं भरवायची, ती डोळे फोनवरून न काढता तोंड उघडायची. तेव्हा एकदा त्या कुडाच्या घरातली बाई आमच्याकडे आहाराची पाकिटं न्यायला आली होती. तिनं ते पाहिलं. मीच आपली उगाच म्हणाले, "घाबरलीय गं ती." ती म्हणाली, "हां बाई." आणि पाकिटं घेऊन गेली.

मी गावभर सांगत सुटले की मुलीची भीती फोननं घालवली. मला एकच त्रास होता, आवाजाचा. फोनचा आवाज ती इतका मोठा ठेवायची की आंब्याखाली ऐकू यावा. "कमी कर तो! बहिरी होशील!" ती कमी करायची आणि माझी पाठ वळली की पुन्हा तेवढाच.

आता सांगायला जड जातंय ते सांगते.

जानेवारीत एकदा मी आंब्याखाली बायकांची बैठक घेत होते. वरून मॅडम आलेल्या. भूकंप आला तर काय करायचं, ते मी बायकांना समजावून सांगतेय, घाबरायचं नाही, मुलांना धीर द्यायचा, आणि तेवढ्यात बारीकसा धक्का आला. अगदीच बारीक, बायका उठल्यासुद्धा नाहीत. पण दोन मिनिटांत आमची मुलगी अनवाणी धावत, हुंदके देत आली आणि सगळ्यांसमोर माझ्या कमरेला मिठी मारली. मला सोडेच ना. मॅडम हसून म्हणाल्या, "आधी घरातल्यांना धीर द्या बाई." सगळ्या हसल्या. मी पण हसले, पण कानशिलं तापली होती. बैठक संपेपर्यंत मी तिला बाजूला बसवलं, एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही.

घरी आल्यावर मी फोन काढून घेतला. "हलायचं नाही सांगितलं होतं ना? चार माणसांत लाज आणलीस माझी. आता दोन दिवस फोन नाही." ती म्हणाली, "आई, मला भीती वाटली." मी म्हणाले, "भीती वाटली तर आजी नव्हती? अट म्हणजे अट."

दोन दिवस मी तिला फोन दिला नाही. मोठी तत्त्वाची बाई ना मी! त्या दोन दिवसांत ती मांडवाच्या खांबाला टेकून कानांवर हात ठेवून बसायची. मला वाटलं रुसलीय. नवरा म्हणाला, "दे की, काय जातंय तुझं." मी म्हणाले, "तू मध्ये पडू नकोस, तुमच्या लाडांनीच बिघडलीय." तिसऱ्या दिवशी फोन दिला. त्यानंतर ती एकदाही हलली नाही. किती धक्के आले मध्ये, ती आपली जागेवर. मला केवढं समाधान! वळण लागलं म्हणे पोरीला.

होळीच्या आधीची गोष्ट. दुपारचं ऊन तापायला लागलं होतं, मांडवात फोनची काच दिसेना. शाळा सकाळची, ती घरी आलेली. मला वजनं घ्यायला आंब्याखाली जायचं होतं. आणि फोनचं चार्जिंग संपलेलं. घरात प्लग एकच चालत होता, मधल्या खोलीतला, आणि वायर ही एवढीशी, वीतभर. म्हणजे भिंतीला चिकटून बसलं तरच फोन बघता येणार. आठवडाभर धक्का नव्हता आणि आम्ही सगळेच ढिले पडलो होतो. घरात ये-जा सुरू झाली होती. मीच तिला म्हणाले, "आत भिंतीपाशी बस, चार्जिंगला लावून बघ. मी अर्ध्या तासात येते. मी येईपर्यंत हलायचं नाही." ती क्षणभर दारात थांबली होती. माझ्याकडे पाहिलं होतं तिनं. मी म्हणाले, "जा ना, उशीर होतोय मला." ती गेली.

आंब्याच्या फांदीला काटा टांगला होता, त्याच्या झोळीत एक पोर. खालून आवाज आला तो नेहमीसारखा नव्हता. झोळी गर्रकन फिरली, पोराच्या आईनं त्याला झडप घालून उचललं, आणि जमीन अशी हलली की मी उभ्या जागी बसले. गावात कुठेतरी पत्रे वाजले, कुत्री ओरडायला लागली. मला एवढंच सुचलं, भिंतीपाशी. मी बसवलंय तिला भिंतीपाशी.

कशी धावले ते माहीत नाही. चप्पल कुठे पडली ते माहीत नाही. घरासमोर आले तर सासूबाई अंगणात उभ्या राहून ओरडतायत, "अगं बाहेर ये! अगं पोरी बाहेर ये गं!" गुडघ्यांनी अधू बाई, काठी टाकून उंबऱ्यापर्यंत गेली होती. मला बघून म्हणाल्या, "किती हाका मारतेय, येतच नाहीये!" आत धुरळा नुसता. पुढल्या खोलीतली कौलं खाली आलेली. मी तशीच आत घुसले.

ती भिंतीपाशी बसली होती. मला वाटलं होतं फोनमध्ये एवढी गुंग असेल की कळलंच नसेल तिला. तसं नव्हतं. फोन दोन्ही हातांनी छातीशी धरलेला, त्यातून कसलं तरी कार्टून मोठमोठ्यानं हसतंय, आणि हिचे डोळे गच्च मिटलेले. केसांत मातीचा थर. कानामागून थोडं रक्त येत होतं. गिलाव्याचा एक मोठा पोपडा तिच्या पायाजवळ पडून फुटला होता. मी तिला दंडाला धरून फरफटत बाहेर आणलं. वायर ओढली गेली आणि प्लगसकट बाहेर आली.

आणि अंगणात आणल्यावर मी काय केलं? जवळ घेतलं? नाही. एक सणसणीत ठेवून दिली. "बहिरी झालीस का? आजी घसा फाडून ओरडतेय! मरायचं होतं तुला आत?"

ती रडली नाही. गालावर हात ठेवून म्हणाली, "तू सांगितलंस ना, तू येईपर्यंत हलायचं नाही."

"अगं पण घर पडत होतं!"

"मागच्या वेळी हलले तर तू फोन काढून घेतलास."

"फोन! फोन एवढा प्यारा तुला? जिवापेक्षा?"

"फोन नसला की मला खालचे आवाज ऐकू येतात," ती म्हणाली. "सगळ्यांना नाही येत, मला येतात. धक्का नसला तरी येतात. फोन मोठा लावला की नाही येत."

सासूबाई मटकन खाली बसल्या. मी उभीच होते. दिवाळीपासून होळीपर्यंत माझी पोर रोज त्या खाटेवर भीतीनं गोठून बसत होती आणि मी गावभर सांगत होते, बघा, शांत झाली. ती एकदा माझ्याकडे धावत आली होती. जिथे यायला हवं तिथेच आली होती. मी तिला त्याची शिक्षा दिली, आणि ती ते शिकली. माझी पोर हुशार, एकदा सांगितलेलं विसरत नाही.

मी तिच्या कानामागचं रक्त पुसलं. हळद लावली. तिला मांडीवर घेतलं, पाय खाली लोंबत होते एवढी मोठी झालेली. "चुकलं माझं," मी म्हणाले. आयुष्यात हे शब्द मी सासूला म्हटले नाहीत, नवऱ्याला म्हटले नाहीत. तिनं फक्त मान हलवली. नवरा कंपनीतून धावत आला, त्यानं कौलं पाहिली, पोरीला पाहिलं, आणि फुटकी कौलं उचलून अंगणात रचायला लागला. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

फोन मी पेटीत टाकला आणि कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी तिला शाळेत पाठवलं नाही, बरोबर घेऊन गेले आंब्याखाली. पहिले तासभर ती माझा पदर धरून बसली. मला पदर ओढला की आधी राग यायचा. त्या दिवशी मी तो तिच्या मनगटाला गुंडाळून दिला. लहान पोरांना खिचडी वाढायला तिनं मदत केली. परतताना वाटेत ती बोलायला लागली. किती दिवसांनी! म्हणाली, आवाज आधी कानाला नाही, तळपायाला कळतो. म्हणाली, घरातल्या भांड्यांत सगळ्यात आधी पितळेचा डबा वाजतो, स्टीलचे मागून. म्हणाली, कुत्र्यांना आपल्याआधी कळतं, पण सगळ्याच नाही, फक्त शेजारच्या लंगड्या कुत्रीला. एवढं सगळं साठवून ठेवलं होतं तिनं. मी विचारलं, "मला कधी सांगितलं नाहीस?" ती म्हणाली, "तू कामात असायचीस." आम्हाला घरी पोचायला पंचवीस मिनिटं लागली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तसंच. अधूनमधून ती अजून कान झाकायची, तेव्हा मी तिच्या हातांवर माझे हात ठेवायची. दुपारी झोपली माझ्या मांडीवर, चांगली दोन तास.

मग तिसरा दिवस. शाळेत मी तिला अजून पाठवत नव्हते. तलासरीला आमची मोठी बैठक होती, भूकंपाच्या कामाचीच, चुकवून चालणार नव्हतं. मुलं आणू नका, असं सांगितलं होतं. आणली असती तर काय फाशी दिली असती का? कोपऱ्यात बसली असती माझ्याजवळ. लोक बोलले असते दोन शब्द. हे मला आज सुचतंय. तेव्हा सकाळी साडेआठची जीप, डोक्यावर याद्यांचं ओझं, आणि तिनं विचारलं, "मी कुठे बसू?"

मी म्हणाले, "आजीजवळ."

"आणि आवाज आला तर काय करू?"

धाव सुटून, असं मी म्हणू शकले असते. पण धावून कुठे जाणार? मी तलासरीला. आजीला काठी टेकत उठायलाच पाच मिनिटं लागतात. बाप कंपनीत. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि रस्त्यावर जीपवाला हॉर्न वाजवत होता.

मी पेटी उघडली. फोन काढला, पदरानं पुसला आणि तिच्या हातात ठेवला. तीन दिवसांत तिनं तो एकदाही मागितला नव्हता.